नववा आकडा

लाल पेनचं टोपण दातात धरून मॅडम छापलेल्या कोडवर एक गोल काढायच्या. मग टोपण पेनला लावायच्या, पेन खाली ठेवायच्या आणि विचारायच्या, "हे कोणाला विचारून ठरवलंस?"

आवाज तेव्हा चढलेला नसायचा. तो तुम्ही उत्तर दिल्यावर चढायचा. "मला वाटलं" अशी उत्तराची सुरुवात केलीत, तर खालच्या मजल्यावरच्या पॅकिंगवाल्यांनाही कळायचं की आज कोणाचा नंबर लागलाय.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. त्याच्या चपलांचा आवाज आला की लोक मोबाइल उलटा ठेवतात, आणि त्याने पाहिल्याशिवाय कुठलंही काम बाहेर जाऊ नये असंही त्याच लोकांना वाटतं. आमच्या मॅडम तशा होत्या. त्यांच्या हाताखाली मी सहा वर्षं काढली आणि त्यातली बरीचशी त्यांच्यावर चिडून काढली. आता त्यांच्यावर राग नाही. पण राग गेलाय असंही नाही, आणि हे सगळं शांतपणे सांगायला मला जमेल असं वाटत नाही.

आमची कंपनी म्हणजे अंबरनाथच्या एमआयडीसीतला एक दुसरा मजला. रासायनिक कारखान्यात वायू गळला तर वाजणारे अलार्म आम्ही बनवतो. अलार्मच्या पोटात एक छोटा प्रोसेसर असतो. त्याने काय करायचं ते सी भाषेत लिहिलेलं असतं आणि ते लिहिणारे आम्ही चौघं. मॅडम आमच्या वरच्या. बदलापूरला, बेलवलीत राहायच्या. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन, आदल्या दिवशीचा कोड कागदावर छापून, स्टेपल करून वाचत बसलेल्या असायच्या. कोड कागदावर छापणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्यांचा एक नियम होता. लिहिलेल्या किंवा बदललेल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी, प्रोसेसर जिथे वाचत नाही त्या जागेत, आपल्या नावाची दोन अक्षरं टाकायची. कोणी काय बदललं ते हल्ली संगणक आपोआप लक्षात ठेवतो. मी एकदा तसं बोलून दाखवलं.

"तो त्याच्यासाठी ठेवतो. हे तुझ्यासाठी आहे," मॅडम म्हणाल्या. "माझे वडील इथेच अंबरनाथला फिटर होते. केलेल्या प्रत्येक पार्टवर स्वतःचा नंबर पंच करायचे. चांगला चालला तरी त्यांचा, मोडला तरी त्यांचा. एकदा सुपरवायझर बोलला, या लॉटवर नंबर मारू नको. बाप माझा काम टाकून घरी निघून आला. आई आठवडाभर बोलली नाही त्यांच्याशी."

"मग?"

"मग काय. आईचं पण बरोबर होतं, घरात पीठ नव्हतं. पण परत गेल्यावर नंबर मारलाच त्यांनी."

डब्यात त्या भाकरी आणि सुकटीची चटणी आणायच्या. साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, एकदा फार गोड आवाजात सुचवलं, "मॅडम, क्लायंट येतात ना, तो वास जरा..." मॅडम म्हणाल्या, "वासाचं कोणाला विचारून ठरवलंत? क्लायंटला?" दुसऱ्या दिवसापासून त्यांचा तीन कप्प्यांचा डबा साहेबांच्या केबिनसमोरच्या टेबलावर उघडायला लागला. सकाळी ज्याला फाडून खाल्लंय, त्याच्यापुढे दुपारी डब्याच्या झाकणातून चटणी सरकायची. माफी वगैरे नाही. नुसतं झाकण.

माझ्या पहिल्या गोलाची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथून निघालं.

प्रोग्रॅममधली प्रत्येक गोष्ट मेमरीत कुठल्या तरी जागेवर असते आणि त्या जागेला पत्ता असतो. हा पत्ता ज्यात ठेवतात त्याला आम्ही पॉइंटर म्हणतो. आमच्या यंत्रात अलार्मची नावं साठवायला जागा नव्हती, म्हणून कुठला अलार्म वाजला ते नोंदीत त्याच्या पत्त्यावरून लिहायचो. मी तो पत्ता %x लावून छापला होता. %x म्हणजे 'साधा आकडा समजून छाप'. आमच्या छोट्या प्रोसेसरवर पत्ता साध्या आकड्याएवढाच असतो, त्यामुळे नोंद अगदी व्यवस्थित यायची.

गोल पडला. "पत्ता म्हणजे साधा आकडा, हे कोणाला विचारून ठरवलंस?"

"चालतंय मॅडम."

"इथे चालतंय. उद्या हाच कोड मोठ्या प्रोसेसरवर जाईल. तिथे पत्ता दुप्पट लांब असतो. तुझा %x अर्धाच छापेल आणि तू त्या अर्ध्याला पूर्ण समजशील."

त्याच कागदाच्या पाठीवर त्यांनी लिहून दिलं. माणसाने नुसतं बघायला छापायचं असेल तर %p, आणि त्याआधी पॉइंटर void *, म्हणजे 'कसलाही पत्ता', करून घ्यायचा. "पण %p कसं दिसणार ते प्रत्येक कंपायलर आपल्या मर्जीने ठरवतो. कोणी पुढे 0x लावतो, कोणी लावत नाही. म्हणून दुसऱ्या प्रोग्रॅमने वाचायचं असेल तर पत्ता uintptr_t मध्ये, म्हणजे पत्ता नेमका मावेल अशा आकड्यात, घे आणि PRIxPTR ने छाप. मग प्रोसेसर लहान असू दे नाहीतर मोठा, माप तो स्वतःचं लावेल. माप ठरवणं तुझं काम नाही."

मी मान हलवली आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकला. खाली चहाच्या टपरीवर मी म्हणालो होतो की असली खुसपटं काढायला या बाईला पगार देतात. हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं, आणि आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दोन वर्षांनी आम्ही नवीन पॅनल केलं, म्हणजे कारखान्यातले सगळे अलार्म पडद्यावर दाखवणारी पेटी. नोंदीचा भाग माझ्याकडे होता आणि सवयीने मी त्यात पुन्हा %x च लिहिलं. तो मी आधी माझ्या लॅपटॉपवर चालवून बघायचो. लॅपटॉपचा प्रोसेसर मोठा, त्यामुळे %x ने पत्ता अर्धा छापला, मॅडम म्हणाल्या होत्या तसाच. ड्रॉवरमधला कागद काढून बघायला एक मिनिट लागलं असतं. मी %x च्या जागी %llx केलं. म्हणजे 'दुप्पट मोठा आकडा समजून छाप'. लॅपटॉपवर पूर्ण पत्ता आला. तो फारच लांबलचक दिसत होता, म्हणून पडद्यावर दाखवताना शेवटचे आठच आकडे घेतले. झालं काम.

तोच कोड छोट्या प्रोसेसरसाठी तयार करताना कंपायलरने, म्हणजे कोडचं प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने, इशारा दिला की इथे माप जुळत नाही. जुन्या फायलींमुळे असे शंभरेक इशारे रोज यायचे. मी ते सगळेच बंद केले. एका शब्दाचं काम असतं ते.

तो चौदा एप्रिल होता. मॅडम त्या दिवशी दरवर्षी सुट्टीवर असायच्या, पांढऱ्या साडीत बेलवलीच्या मिरवणुकीत पुढे. आणि साहेबांना नेमका त्याच दिवशी माल पाठवायचा होता.

"मॅडमनी बघितलं नाहीये अजून," मी पुटपुटलो.

"एक दिवसासाठी गाडी थांबवू का? चालतंय ना?"

"चालतंय."

पॅनल गेलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी कागद मागितला. मी म्हणालो, "जुनंच आहे मॅडम, फक्त पडदा बदललाय." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचा कागद ओढला. सहा वर्षांत माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला तो एवढा एकदाच.

पावसाळा संपता संपता एका कारखान्यात भर दुपारी वायू गळला. दोन कामगार दवाखान्यात गेले. जीव वाचले, पण एकाचा आवाज अजून बसलेलाच आहे. पाळीवर ऑपरेटर होता भोईर. शिरगावला राहणारा, चाळिशीचा माणूस. आमच्या पॅनलवर स्पष्ट नोंद होती की अलार्म गप्प केला. भोईरला त्याच दिवशी निलंबित केलं. दोन माणसांच्या जिवाशी खेळला म्हणून पोलिसात देण्याची भाषा सुरू झाली, आणि कारखान्याने चौकशी समिती बसवली.

समितीने आमच्याकडून एक प्रमाणपत्र मागितलं, नोंद खरी आहे म्हणून. साहेबांनी ते टाइप करून मॅडमपुढे सहीला ठेवलं.

"मी पडद्यावरचं बघून सही करत नाही," मॅडम म्हणाल्या. "यंत्रातली कच्ची नोंद मागवा."

ती यायच्या आधी भोईरच आला. वॉचमनने त्याला जिन्यात अडवलं होतं. मॅडमनी वर बोलावलं, खुर्ची दिली. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"मॅडम, मी बटणाला हात पन नाय लावला. अलार्म वाजला नी मी गॅसच्या वॉलकडं धावलो. वॉल जाम होता, दोन हातांनी फिरवत होतो. आता ते बोलतात, मशीनमधी लिवलंय मी गप केला. पोरगी शाळंत जाते माझी, तिला पन पोरं इचारतात. मशीन खोटं बोलतं का हो?"

"मशीन बोलत नाही. त्याला आम्ही बोलायला लावतो," मॅडम म्हणाल्या. दुपार झाली होती. त्यांनी त्याच्यापुढे झाकण सरकवलं. त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

कच्ची नोंद आली. मॅडमनी ती छापली. चाळीसेक पानं. दिवसभर त्या वाचत होत्या, आणि संध्याकाळी मला हाक मारली.

"नोंदीच्या प्रत्येक ओळीत काय काय असतं?"

"तीन गोष्टी. अलार्मचा पत्ता, मग घटनेचा आकडा, मग ऑपरेटरचा नंबर. घटना एक म्हणजे वाजला, दोन म्हणजे गप्प केला, तीन म्हणजे तपासणी, चार म्हणजे बिघाड."

"भोईरचा नंबर किती?"

"दोन."

"भोईरच्या पाळीत पाच महिने अलार्म कधी वाजलाच नाही. नुसता गप्प केला, गप्प केला, गप्प केला. न वाजलेला अलार्म गप्प कसा करतात? आणि ज्याचा नंबर एक, त्याच्या पाळीत नुसता वाजतोय. तीन नंबरवाला नुसती तपासणी करतोय." त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. "आता हा पत्ता मोज."

मी मोजला. "नऊ आकडे."

"या प्रोसेसरवर पत्ता किती आकडी?"

"आठ."

"मग हा नववा कोणाला विचारून आला?"

मॅडमनी डबा पुढे ओढला आणि त्याचे तिन्ही कप्पे टेबलावर ओळीने मांडले. पहिला पत्ता, दुसरा घटना, तिसरा ऑपरेटर. छोट्या प्रोसेसरवर पत्ता एका कप्प्यात मावतो. %llx ला मात्र दोन कप्पे उचलायचा हुकूम. त्याने पत्ता उचलला आणि शेजारचा घटनेचा कप्पाही उचलला, दोन्ही मिळून एकच मोठा आकडा म्हणून छापले. घटना जाऊन पत्त्याच्या डोक्यावर बसली. तो नववा आकडा. मग घटनेसाठी हात गेला तो ऑपरेटरच्या कप्प्यात. भोईरचा नंबर दोन, म्हणून घटना दोन, म्हणून गप्प केला. ऑपरेटरच्या जागी तर भलताच कचरा छापला जात होता, पण पाळीवर कोण ते कारखान्यात हजेरीवहीवरून बघायचे, त्यामुळे तो रकाना कोणी वाचतच नव्हतं.

गळतीच्या दुपारची ओळ आम्ही काढली. पत्त्याच्या डोक्यावर आकडा होता एक. वाजला. त्या दिवशीच्या सगळ्या नोंदींत एकाही पत्त्याच्या डोक्यावर दोन नव्हता. खरी गोष्ट नोंदीत पहिल्यापासून होती आणि पडद्यावर शेवटचे आठच आकडे दाखवून मी ती कापून टाकली होती. भोईरने काहीच गप्प केलं नव्हतं. इशारे गप्प केले होते ते मी.

मॅडमनी कोडमधली ती ओळ पाहिली. शेवटी माझी दोन अक्षरं होती. मी गोलाची वाट पाहत राहिलो. पेन त्यांनी उचललंच नाही.

"जुनंच आहे म्हणालास," त्या म्हणाल्या आणि डबा भरायला लागल्या.

त्यांनी मला फाडून खाल्लं असतं तर बरं झालं असतं.

सकाळी आम्ही दोघं साहेबांच्या केबिनमध्ये. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "दुरुस्त करून नवीन व्हर्जन पाठव. बोलायचं नाही कुठे." मग मॅडमना, "आणि तुम्ही प्रमाणपत्रावर सही करा."

"नोंद चुकीची आहे."

"मॅडम, एका ऑपरेटरपायी आपण कंपनी बुडवायची का? तो लागेल दुसरीकडे कामाला."

"त्याला दुसरीकडे कोण घेईल, हे कोणाला विचारून ठरवलंत?"

मी तिथेच उभा होतो. तोंड होतं मला. साहेबांच्या टेबलावर एक काचेचा गणपती आहे, त्याच्याकडे बघत राहिलो.

मॅडमनी अहवाल स्वतः लिहिला, सही केली आणि स्वतः समितीपुढे नेऊन दिला. त्यात माझं नाव नव्हतं. 'ही ओळ आमच्या विभागात लिहिली गेली आणि पाठवण्यापूर्वी ती मी तपासली नाही,' एवढंच होतं.

"कोणाला विचारून दिलात?" साहेब ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न मॅडमना कोणी विचारला असेल.

"प्रोसेसरला," मॅडम म्हणाल्या.

भोईर कामावर परत गेला. मॅडमचा करार वर्षावर्षाने वाढायचा, तो त्या वर्षी वाढला नाही. वयाचं कारण दिलं. शेवटच्या दिवशी त्यांनी लाल पेन, स्टेपलर आणि डबा पिशवीत घातला. निरोपसमारंभाला साहेबांना वेळ नव्हता. आम्ही चौघांनी टपरीवर चहा घेतला त्यांच्याबरोबर.

मग साहेबांनी त्या कारखान्याला पत्र पाठवलं. त्यात एक वाक्य होतं, 'संबंधित कर्मचाऱ्यास कार्यमुक्त करण्यात आले आहे.' तुम्ही हे वाक्य नीट वाचा. कोर्टात नेलं तरी टिकेल असं आहे, आणि त्याच्याइतकं खोटं वाक्य मी दुसरं वाचलेलं नाही. पत्रासोबत कोडची प्रत द्यायची होती. साहेब मला म्हणाले, "ती अक्षरंबिक्षरं काढून टाक. त्यांना काय करायचीत." मी काढली. त्या एका ओळीची नाही, सगळ्याच ओळींची काढली, म्हणजे माझी तेवढी काढल्यासारखी दिसणार नाहीत. एवढी हुशारी मला त्या चौदा एप्रिलला सुचली नव्हती.

काही दिवसांनी भोईर पेढे घेऊन आला. "मॅडम कुठंयत?"

"त्या नाहीत आता इथे."

"म्हंजे? माझ्यापायी?"

मी टेबलावरचे कागद सरळ करायला लागलो.

"नी ज्यानं ती लाईन लिवली, त्याला पन काढला ना?"

"बघताहेत," मी म्हणालो. आणि पेढा घेतला. खाल्लासुद्धा.

आठेक महिने असे गेले. एका शनिवारी काही पार्ट घ्यायला मी उल्हासनगरला गेलो होतो. तिथल्या बाजारात इन्व्हर्टरची कार्डं दुरुस्त करून देणारी एक अरुंद दुकानओळ आहे. एका दुकानात मालक सिंधीत फोनवर बोलत होते. मला बघून त्यांनी आतल्या बाजूला हाक मारली, "दीदी, जरा देखना, कोई आया है." आत, टेबललॅम्पखाली, लाल पेनचं टोपण दातात धरून मॅडम बसल्या होत्या. समोरच्या कार्डावर त्यांनी एका जळक्या भागाभोवती गोल काढला होता.

मला बघून त्यांनी टोपण काढलं. "बस."

मी बसलो नाही. आठ महिन्यांत जे कोणाजवळ बोललो नव्हतो ते सगळं उभ्याउभ्याच बोललो. पत्रातलं वाक्य, पुसलेली अक्षरं, भोईरचा पेढा. आणि शेवटी उलट त्यांच्यावरच उखडलो. "तुम्ही अहवालात माझं नाव का नाही लिहिलंत? लिहिलं असतं तर आज मी..."

"तुझी अक्षरं होती तिथे," मॅडम म्हणाल्या. "माझ्या हाताने कशाला लिहू? तू टाकली होतीस, तू काढलीस."

आवाज चढला नव्हता. दुकानाचे मालक मात्र फोन ठेवून आमच्याकडे बघत होते.

पुढच्या शनिवारी मी त्यांच्याकडे एक कागद घेऊन गेलो. समितीला लिहिलेलं पत्र होतं, पाठवायच्या आधी त्यांना दाखवायला नेलेलं. कुठली फाईल, कुठली ओळ, मॅडम कशा सुट्टीवर होत्या, इशारे कसे बंद केले, सगळं होतं त्यात. मॅडमनी ते कोड वाचावं तसं वाचलं. एका जागी गोल काढला. मी लिहिलं होतं, 'ही चूक आमच्याकडून झाली.'

"कोणाला धरून आमच्याकडून?" त्यांनी विचारलं. "किती जण होतात?"

मी तिथेच बसून ती ओळ पुन्हा लिहिली आणि खाली माझी दोन अक्षरं टाकली. मॅडमनी डब्याचं झाकण उघडलं. चटणी तिखट होती, त्यामुळे डोळ्यांतून पाणी आलं तर कोणाला काही वाटायचं कारण नव्हतं.

पत्र पोचल्याची एका ओळीची पोच आली. आमच्याकडे कोणीच काही म्हटलं नाही. मला काढलं नाही, कारण तो कोड आता माझ्याशिवाय कोणाला कळत नाही. चूक करणारा सुखरूप आणि ती शोधणारी उल्हासनगरात जळकी कार्डं दुरुस्त करतेय, असा आमच्याकडचा न्याय. समितीला माझं पत्र गेल्यावर साहेबांनी मॅडमना परत बोलावण्यासाठी एकदा फोन केला होता म्हणे. त्या काय म्हणाल्या ते साहेब सांगत नाहीत. गेल्या हिवाळ्यात त्या बेलवलीचं घर सोडून भावाकडे नाशिकला गेल्या. उल्हासनगरच्या त्या दुकानात त्यांच्या जागी आता कोणी बसत नाही, मालक कार्डं बाहेर पाठवतात.

आणि अलीकडे आमच्या ऑफिसात एक फलक लागलाय. छान रंगीत, काचेत बसवलेला, भेटीला येणाऱ्या क्लायंटला पहिल्यांदा दिसेल असा. पॉइंटर कसा छापावा. %p कधी, uintptr_t कधी. प्रोसेसरचं माप गृहीत धरू नये. इशारे बंद करू नयेत. शब्दसुद्धा तेच, माझ्या ड्रॉवरमधल्या कागदावरचे. तो कागद साहेबांनी माझ्याकडून मागून घेतला होता, आणि मी दिला होता. फलकाच्या खाली मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव.

मी लाल मार्कर आणला आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी, काचेवर, मॅडमची दोन अक्षरं लिहिली. संध्याकाळी काच पुसलेली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिली. पुन्हा पुसली. तिसऱ्या दिवशी मी लिहीत असतानाच साहेब केबिनमधून बाहेर आले.

"हे कोणाला विचारून लिहितोयस?"

सगळं ऑफिस बघत होतं. मला उत्तर द्यायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा लक्षात आलं की मार्करचं टोपण मी दातात धरलंय. मी शेवटच्या ओळीची अक्षरं पुरी केली. टोपण काढलं, मार्करला लावलं, मार्कर खाली ठेवला आणि मग बोलायला लागलो. खालच्या पॅकिंगवाल्यांना सगळं ऐकू गेलं म्हणतात.